परिचर्या पदवीचा अभ्यासक्रम : काय शिकवितो आणि काय मोजतो?
(पुणतांबा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात, गोदावरीच्या काठी वसलेले पुणतांबा हे गाव महाराष्ट्राला प्रामुख्याने दोन कारणांनी ठाऊक आहे. चांगदेव महाराजांची समाधी येथे आहे आणि १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक याच गावातून दिली गेली. आरोग्यशिक्षणाच्या चर्चेत मात्र या गावाचे नाव सहसा येत नाही. वस्तुतः परिचर्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी हा परिसर अत्यंत उपयुक्त आहे. याच तालुक्यातील लोणी येथे प्रवरा परिसरात वैद्यकीय महाविद्यालय, मोठे रुग्णालय आणि परिचर्या महाविद्यालय आहे. शिर्डी येथे साईबाबा संस्थानची रुग्णालये आहेत. म्हणजे पदवी देणारी संस्था आणि त्या पदवीची गरज असणारे गाव एकाच तालुक्यात आहेत.

बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी विद्यार्थ्यांना नेमके काय शिकविते, हा प्रश्न बहुधा विषयांची यादी देऊन सोडविला जातो. परंतु कोणताही अभ्यासक्रम जे शिकवितो आणि जे मोजतो, त्यांत अंतर असू शकते. प्रस्तुत लेखात या पदवीच्या अभ्यासक्रमाचे वाचन रुग्णालयाच्या वॉर्डातून न करता पुणतांब्यासारख्या गावाच्या बाजूने केले आहे. हा अभ्यासक्रम परिचारिकेला स्वतंत्र निर्णयशक्ती देऊ पाहतो. मात्र त्याचे मोजमाप, त्याची भाषा आणि त्याची अधिकारविषयक कल्पना या तीन ठिकाणी तो स्वतःच्याच उद्दिष्टाला छेद देतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पदवीच्या कल्पनेची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात रुग्णसेवेला सामाजिक प्रतिष्ठा मिळण्याचा इतिहास दीर्घ आहे. १८९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने हिंदू स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी पाठविले. परपुरुषाच्या देहाला स्पर्श करावा लागणारे हे काम कुलीन स्त्रीने करावे काय, असा आक्षेप त्या काळी होता. तो आक्षेप ओलांडून हा व्यवसाय उभा राहिला.

तथापि प्रशिक्षण आणि पदवी या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९४६ च्या भोर समितीने परिचर्या शिक्षण विद्यापीठाच्या पातळीवर नेण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. महाराष्ट्रात एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झाले, तर १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. परिषदेने तयार केलेला सुधारित अभ्यासक्रम २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. त्याने वार्षिक पद्धत जाऊन चार वर्षांची आठ सत्रे आणि श्रेयांक पद्धती आली. २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदाही संमत केला.

या साऱ्या वाटचालीमागे एक सूत्र आहे. डॉक्टरांनी सांगितलेले निमूटपणे करणारी सेविका ही भूमिका मागे पडून, रुग्णाची स्थिती स्वतः जोखणारी व त्यानुसार कृती करणारी व्यावसायिक घडावी, हे पदवीचे प्रयोजन होय. अभ्यासक्रमाचे मूल्यमापन याच प्रयोजनाच्या कसोटीवर झाले पाहिजे.

हात, नजर आणि निर्णय

अभ्यासक्रमातील विषय अनेक आहेत : शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, आहारशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, पुढे प्रौढांची, बालकांची व मनोरुग्णांची परिचर्या, प्रसूतिविद्या, सामुदायिक आरोग्य, संशोधन, व्यवस्थापन. या विस्तारातून विद्यार्थिनीला मुख्यतः तीन गोष्टी शिकविल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे हात. हात धुणे, रुग्ण अंथरुणात असताना चादर बदलणे, कूस पालटणे, नळीतून अन्न देणे, जखम बांधणे ही कामे बाहेरून पाहणाऱ्याला साधी वाटतात. त्यांचे मोल मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाने देशाला दाखवून दिले. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि सहकारी परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. एवढ्या काळात त्यांना शय्याव्रण होऊ दिले गेले नाहीत, ही गोष्ट सर्वत्र नोंदविली गेली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांच्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. शय्याव्रण न होणे ही दिसणारी घटना नव्हे. त्यासाठी ठरावीक तासांनी कूस बदलावी लागते, त्वचा कोरडी ठेवावी लागते, हाडाच्या उंचवट्यांवरील ताण कमी करावा लागतो, आहारातील प्रथिनांकडे लक्ष द्यावे लागते. परिचर्येचे यश पुष्कळदा जे घडले नाही त्यात असते आणि म्हणूनच ते हिशेबात येणे कठीण जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे नजर. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या परिचर्याविषयक पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणासाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले होते. आजच्या अभ्यासक्रमात तीच दृष्टी पाच टप्प्यांच्या परिचर्या प्रक्रियेत मांडलेली आहे : स्थितीची तपासणी, परिचर्या निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन. नाडी, श्वसन, तापमान, रक्तदाब हे केवळ आकडे नसून त्यांचा कल पाहावयाचा असतो. बाळंतिणीची नाडी वाढत चालली आणि रक्तदाब उतरू लागला, तर रक्तस्राव डोळ्यांना दिसण्यापूर्वीच तो ओळखावा लागतो. पार्टोग्राफवरील रेषा प्रसूती अडत असल्याची सूचना वेळेवर देते, पण ती रेषा कोणीतरी नियमाने काढलेली असावी लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे निर्णय. हे थांबून पाहावे, की तत्काळ पुढे पाठवावे? मोठ्या रुग्णालयात हा प्रश्न डॉक्टरांकडे सोपविता येतो. गावात तो परिचारिकेपुढेच उभा असतो. ऊस, फळबागा आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यातील एक प्रसंग कल्पावा. फवारणी करून आलेल्या शेतकऱ्याला त्याची पत्नी उपकेंद्रात घेऊन येते. त्याला दरदरून घाम फुटला आहे, तोंडाला फेस आहे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या आहेत. कीटकनाशकाची विषबाधा ओळखणे हे शरीरक्रिया व औषधशास्त्राचे काम. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, कपडे काढून अंग धुणे आणि स्वतः हातमोजे घालणे हे परिचर्येचे काम. हा अपघात आहे की जीव नकोसा होऊन केलेली कृती, हे हळुवारपणे जाणून घेणे मानसिक आरोग्य परिचर्येचे काम, आणि नोंद व वर्दी हा कायद्याचा भाग. २०१७ च्या संपामागील कर्जाचा प्रश्न आणि हा रुग्ण यांचे नाते ओळखण्यासाठी समाजशास्त्र लागते. उपकेंद्रात हे सारे विषय अवघ्या काही मिनिटांत एका माणसाच्या देहावर एकत्र येतात. परीक्षेत मात्र ते निरनिराळ्या सत्रांत, निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांत विचारले जातात.

मोजमापाचा प्रश्न

श्रेयांक पद्धतीत कोणत्या तासाला किती किंमत आहे, हे पाहिले असता अभ्यासक्रमाचा खरा कल ध्यानात येतो. सुधारित नियमांनुसार आठवड्याला तात्त्विक अध्यापनाचा एक तास म्हणजे सत्राचा एक श्रेयांक. कौशल्य प्रयोगशाळेचे दोन तास म्हणजे एक श्रेयांक. आणि रुग्णाजवळ केलेल्या कामाचे चार तास म्हणजे एक श्रेयांक. पहिल्या सत्रातील परिचर्येची मूलतत्त्वे हा विषय उदाहरण म्हणून घेता येईल. त्यात १२० तात्त्विक तासांना ६ श्रेयांक, प्रयोगशाळेच्या ८० तासांना २ श्रेयांक आणि वॉर्डातील १६० तासांनाही २ श्रेयांक आहेत. सर्वाधिक तास रुग्णाजवळ जातात आणि तेथेच तासाची किंमत सर्वांत कमी आहे.

या रचनेचे समर्थन करता येते. सर्व विज्ञान शाखांत प्रात्यक्षिकाचा तास तात्त्विक तासापेक्षा कमी मोजला जातो, आणि वॉर्डातील सर्वच वेळ अध्ययनाचा नसतो, हे खरे आहे. शिवाय तात्त्विक विषयाला किमान ८० टक्के, तर वॉर्डातील कामाला पदवीपूर्वी १०० टक्के उपस्थिती सक्तीची करून अभ्यासक्रमाने रुग्णाजवळच्या तासांचे महत्त्व मान्यही केले आहे. परंतु उपस्थिती ही पूर्ततेची अट आहे. ती गुणवत्तेची पारख नव्हे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. वॉर्डात विद्यार्थिनी शिकत असते त्याच वेळी समोरचा माणूस तिच्या हाती सोपविलेला असतो. तेथील तास कमी दर्जाचा ठरविला की त्या तासावर देखरेख करणारा अध्यापकही कमी वेळ देतो, आणि विद्यार्थिनी हळूहळू मनुष्यबळाच्या तुटवड्यावरील स्वस्त उपाय बनते.

पुणतांब्याशी निगडित चांगदेवांची आख्यायिका या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. चौदाशे वर्षांचे आयुष्य आणि योगसिद्धी लाभूनही त्यांनी ज्ञानदेवांना पाठविलेले पत्र कोरेच राहिले, असे परंपरा सांगते. नोंदवहीत तास भरले म्हणजे बोध झाला असे नव्हे, हा त्या कथेचा अर्थ परिचर्या शिक्षणालाही लागू पडतो.

भाषेचा प्रश्न

परिचर्या पदवीचे माध्यम इंग्रजी आहे. देशभर व परदेशात नोकरी करू शकणाऱ्या व्यवसायासाठी ते समजण्यासारखे आहे. पहिल्याच सत्रात संवादात्मक इंग्रजीला २ श्रेयांक, म्हणजे ४० तास, दिलेले आहेत. पूर्वीच्या वार्षिक अभ्यासक्रमात हिंदी अथवा प्रादेशिक भाषेसाठी ३० तासांची ऐच्छिक सोय होती. नव्या रचनेत रुग्णाच्या भाषेला असे स्वतंत्र स्थान उरलेले नाही.

या उणिवेकडे केवळ भाषाभिमानाचा विषय म्हणून पाहणे योग्य होणार नाही. परिचर्या प्रक्रियेचा पहिला टप्पा रुग्णाच्या तोंडून येणाऱ्या शब्दांवर अवलंबून असतो आणि ते शब्द पाठ्यपुस्तकात नसतात. गोदाकाठची स्त्री ‘अंगावरून जातंय’ म्हणते, तेव्हा त्यात श्वेतप्रदर असू शकतो किंवा रक्तस्रावही. ‘जीव घाबरा होतो’ या एका वाक्यात हृदयविकार, रक्तक्षय, दमा आणि चिंताविकार या चारही शक्यता दडलेल्या असतात. ‘कणकण’ म्हणजे ताप नव्हे, पण ताप नाही असेही नव्हे. ‘कळ’, ‘चमक’, ‘ठणका’, ‘मुरडा’ आणि ‘आग’ या वेदनेच्या भिन्न जाती आहेत आणि त्यांतील भेद निदानाला उपयोगी पडतो. वेदना शून्य ते दहा या पट्टीवर सांगण्यास रुग्णाला शिकविले जाते. परंतु त्याच्याजवळ आधीपासून असलेली अधिक सूक्ष्म पट्टी समजून घेण्यास विद्यार्थिनीला शिकविले जात नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ग्रामीण महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थिनीजवळ हे शब्द घरचेच असतात. अभ्यासक्रम त्यांना ज्ञान मानत नसल्यामुळे चार वर्षांत ती ते विसरण्याचा प्रयत्न करते. इंग्रजी नोंद अचूक लिहिते, परंतु रुग्णाच्या शब्दाकडून त्या नोंदीकडे ती कशी आली हे तपासण्याची सवय तिला लागत नाही. केरळ किंवा अन्य राज्यांतून आलेल्या विद्यार्थिनींची अडचण तर याहून उघड आहे. नाशिकच्या विद्यापीठाला व अभिमत विद्यापीठांना ‘रुग्णाची मराठी’ असा छोटा अभ्यासघटक, विभागवार शब्दसंग्रहासह, ऐच्छिक विषयाच्या जागी सहज सुरू करता येईल. स्थानिक महाविद्यालयांतील मराठी विभागांनी त्यासाठी परिचर्या महाविद्यालयांशी सहकार्य केल्यास दोन्ही विद्याशाखांना त्याचा लाभ होईल.

जबाबदारी आणि अधिकार

तिसरे अंतर अधिक गंभीर आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षातील आगीत १० बालकांचा मृत्यू झाला. पुढे दोन परिचारिकांविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले. त्यानंतर एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह परिचारिकांना अटक झाली आणि परिचारिकांच्या संघटनांनी त्याचा निषेध केला. या प्रकरणांतील व्यक्तिगत दोषाचा निवाडा हा न्यायालयांचा विषय आहे. अभ्यासक्रमापुढे मात्र त्यांनी एक थेट प्रश्न ठेवला आहे.

आग लागल्यास रुग्णांना कसे हलवावे, अग्निशामक कसे वापरावे, हे परिचर्येच्या मूलतत्त्वांत शिकविले जाते. व्यावसायिक मूल्ये व नीतिशास्त्र हा विषय आहे. न्यायवैद्यक परिचर्या आणि भारतीय कायद्यांची ओळखही आहे. या सर्व विषयांचा रोख मात्र परिचारिकेच्या हातून चूक होऊ नये याकडे आहे. अग्निशामक मुदतबाह्य असेल, वायरिंग जुने असेल, एका परिचारिकेकडे झेपणार नाहीत इतके रुग्ण असतील, तर ते लेखी कोणाला कळवावे, उत्तर न आल्यास पुढे काय करावे, याचे पद्धतशीर शिक्षण त्यात क्वचितच होते. व्यवस्थापन हा विषय उत्तरार्धात येतो आणि बहुधा भावी परिचर्या अधीक्षकाच्या दृष्टीने शिकविला जातो; वॉर्डात सर्वांत खाली उभ्या असलेल्या परिचारिकेच्या दृष्टीने तो शिकविला जात नाही. निर्णय घेण्याचे शिक्षण देऊन प्रश्न विचारण्याचे शिक्षण न देणे म्हणजे जबाबदारी देऊन अधिकार रोखून ठेवणे होय.

गावाचा अनुभव

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेड येथे, या साऱ्या प्रश्नाचे एक उत्तर अर्धशतकापूर्वीच शोधले गेले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित परिचारिका गावात राहून काम करतील, ही आरंभीची अपेक्षा फलद्रूप झाली नाही. त्या गावाला परक्या होत्या आणि गाव त्यांना. तेव्हा गावाने निवडलेल्या स्त्रियांना, ज्यांपैकी अनेक निरक्षर होत्या, ग्राम आरोग्य सेविका म्हणून घडविण्यात आले. नियमित प्रशिक्षण, लगेच गावात वापर आणि पुन्हा चर्चा, अशी ती पद्धत होती. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने गावातीलच आरोग्यदूतांकरवी नवजात बालकांची घरी काळजी घेऊन तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी केल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

यावरून पदवी अनावश्यक ठरते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आरोग्य सेविकेच्या पाठीशी परिचारिका, डॉक्टर व रुग्णालय होतेच. खरा निष्कर्ष असा की शिकणाऱ्याचे रुग्णाशी, त्याच्या भाषेशी आणि गावाशी असलेले नाते हाही शिक्षणाचाच भाग आहे. हे आज अधिक निकडीचे झाले आहे. कारण २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर होऊ लागले आणि समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले. महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेद पदवीधरांबरोबर परिचर्या पदवीधरही कंत्राटी तत्त्वावर नेमले गेले. सुधारित अभ्यासक्रमाने या कामाचे शिक्षण पदवीतच समाविष्ट केले, हे त्याचे मोठे श्रेय आहे. मैदानी भागात सुमारे ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष लक्षात घेतला, तर राहाता तालुक्यातील एखाद्या गावात हा पदवीधर कित्येकदा वैद्यकीय निर्णय घेणारी पहिली व्यक्ती असेल. तेव्हा सामुदायिक आरोग्याचे प्रात्यक्षिक एका दिवसाच्या सर्वेक्षण सहलीपुरते किंवा भिंतीवरील तक्त्यांपुरते राहणे परवडणारे नाही.

समारोप

बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना हात, नजर आणि निर्णय देऊ पाहतो, आणि कागदावर तरी तो पूर्वीपेक्षा अधिक समर्थपणे देतो. त्याच्या मर्यादा विषयांच्या अभावातून आलेल्या नाहीत; विषयांना दिलेल्या किमतीतून त्या आल्या आहेत. म्हणून नवे विषय वाढविण्यापेक्षा पुढील बदल अधिक फलदायी ठरतील. रुग्णाजवळच्या कामाचे मूल्यमापन उपस्थितीबरोबरच एकाच रुग्णाच्या सलग, अनेक विषयांना स्पर्श करणाऱ्या वृत्तांतावरून व्हावे. रुग्णाच्या भाषेला अभ्यासघटकाचा दर्जा मिळावा. लेखी हरकत घेण्याचे व तिचा पाठपुरावा करण्याचे प्रात्यक्षिक पहिल्या वर्षापासून असावे. आंतरवासितेतील काही आठवडे महाविद्यालयाच्या स्वतःच्या तालुक्यातील उपकेंद्रात, तेथे मुक्काम करून, पूर्ण व्हावेत. यातील कोणत्याही सूचनेला मोठ्या खर्चाची गरज नाही. लोणीसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयाला पुणतांब्यासारखी गावे हाकेच्या अंतरावर आहेत. ते अंतर अभ्यासक्रमाने ओलांडावयाचे आहे.